वळण

चांगल्या अक्षराला मराठीत वळणदार म्हणतात. चांगल्या घरातल्या मुलीला वळण असते, ते आईने लावलेले असते, आणि ते नसले तर चार घरांत बोलले जाते. वळणाचे एवढे कौतुक असलेल्या या भाषेत केसाला मात्र वळण असलेले चालत नाही. केस ‘लांबसडक’ हवेत. हा शब्द आपण इतक्या वेळा लिहिला आहे की त्यात एक अट दडली आहे हे आता कुणाला जाणवतही नाही.

हे आठवायला कारण भाचीची पहिली मुलाखत. जुलै महिना, मुंबई, सकाळचे साडेसात. आरशासमोर तिने स्ट्रेटनर तापत ठेवला होता. एक बट घ्यायची, दोन तापलेल्या पट्ट्यांत धरायची, मुळापासून टोकापर्यंत ओढत न्यायची. मग पुढची बट. तिचे केस दाट आणि कुरळे, म्हणजे पाऊण तासाचे काम. खोलीत तो जरासा जळका वास. मध्येच तिने विचारले, “मावशी, पाऊस येईल का गं?” मुलाखतीत काय विचारतील याची तिला तेवढी काळजी नव्हती.

काळजी रास्त होती. उष्णतेने केसातल्या केरॅटिनचे हायड्रोजन बंध सुटतात. केस ताणून धरला की थंड होताना ते बंध नव्या जागी बसतात आणि केस सरळ दिसतो. पण हेच बंध पाण्यानेही सुटतात. दमट हवा लागली की सकाळची मेहनत दादरला पोचेपर्यंत परत वळू लागते. कुरळेपणा ठरतो तो कातडीच्या आत, केसाचे मूळ जिथे वाकून बसलेले असते तिथे. तिथवर कोणतीही इस्त्री पोचत नाही. घरोघरचे बरेच स्ट्रेटनर २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात, आणि पाणी उकळते १००ला. घाईत केस ओलसर राहिले तर आतल्या पाण्याची वाफ होते, केसाच्या दांड्यात बुडबुडे धरतात आणि नेमका तिथेच तो तुटतो. मग तुटलेल्या, खरखरीत केसांना ‘दुरुस्त’ करणारी बाटली विकत आणायची. जाहिरातीत या सगळ्याला ‘निगा’ म्हणतात. ज्या गोष्टीने केस तुटतो तिला निगा म्हणणे हे मला तरी भाषेच्या दृष्टीनेच असह्य वाटते.

माझे भांडण यंत्राशी नाही. हौस म्हणून कुणी केस सरळ करावेत, कुरळे करावेत, निळे करावेत. तापलेले लोखंड केसांना लावायची फॅशन मुळात उलट्या कारणासाठी गाजली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसचा मार्सेल ग्रातो गरम चिमट्याने बायकांच्या सरळ केसांत लाटा पाडून देई, आणि त्या लाटांना त्याचेच नाव पडले. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकेत कॉलेजातल्या मुली इस्त्रीच्या टेबलावर डोके टेकवून कपड्यांच्या इस्त्रीने केस सपाट करू लागल्या. फॅशन येते आणि जाते, तिची चिंता मला नाही.

माझे भांडण ‘व्यवस्थित’ या शब्दाशी आहे. भाचीला मुलाखतीच्या सूचनांचा कागद आला होता. त्यात केस ‘व्यवस्थित’ असावेत एवढेच होते. सरळ असावेत असे कुठे लिहिलेले नव्हते, आणि लिहायची गरजही नव्हती. लहानपणापासून शाळेतल्या बाईंनी, शेजारच्या काकूंनी, लग्नाच्या फोटोसाठी मेकअप करणाऱ्या मुलीने तिला त्या शब्दाचा अर्थ शिकवून ठेवलेला होता. “केस विंचरले नाहीस का?” हा प्रश्न तिला केस विंचरून झाल्यावर विचारला गेला आहे. कितीदा, ते तिने मोजणे सोडले.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, ‘ही तर तिची निवड आहे.’ निवड तेव्हा म्हणावी जेव्हा दुसरे दारही उघडे असते. इस्त्री न केलेले केस घेऊन ती त्या खोलीत शिरली असती आणि समोरच्यांच्या मनात तिच्याबद्दल तेच मत झाले असते, तर मी निवड हा शब्द मान्य केला असता. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांनी हा प्रश्न कायद्यापर्यंत नेला. २०१९मध्ये कॅलिफोर्नियाने नोकरीत आणि शाळेत केसांच्या नैसर्गिक पोतावरून भेदभाव करायला बंदी केली. त्यांच्या केसांमागे गुलामगिरीचा इतिहास आहे. तो उसना घेऊन आपण मिरवू नये. पण लेखी नियम नसतानाही केसांवर नियम चालतो, हे त्यांच्याकडून शिकायला हरकत नाही.

दुसरे उत्तर आमच्या पिढीचे. ‘आमच्या वेळी नव्हते हो हे असले काही, तेल आणि वेणी.’ होते की. पचपचीत तेल घालून, डोळे ताणले जातील इतकी घट्ट वेणी म्हणजे विजेशिवायची इस्त्रीच होती. आजीने गुडघ्यात डोके दाबून धरलेले मला आठवते. तिच्या तोंडी ‘झिपऱ्या’ हा शब्द असे, आणि तो प्रेमाचा नसे. त्यामुळे जुन्या काळाच्या आठवणींनी गहिवरायला मी तयार नाही.

मात्र त्याहून जुना काळ वेगळे सांगतो. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या स्त्रियांच्या कपाळावर, गालावर वळलेल्या बटा आहेत. बुद्धाच्या मूर्तीच्या मस्तकावर उजवीकडे वळणारी कुरळी वलये हे महापुरुषाचे लक्षण मानून कोरलेली आहेत. संस्कृतात ‘अलक’ म्हणजेच कुरळी बट. तेलुगूत कुरळ्या केसांना ‘उंगराल जुट्टु’ म्हणतात, म्हणजे अंगठ्यांचे केस. आपल्याकडेही पुरुषाला सूट आहेच. तबल्यावरच्या झाकीर हुसेन यांच्या उडणाऱ्या कुरळ्या केसांवर चहा विकला गेला, आणि ते केस कुणाला अव्यवस्थित वाटले नाहीत. कृष्णाचे कुरळे कुंतल कीर्तनात डोलत ऐकायचे आणि घरी येऊन मुलीला म्हणायचे, जरा बसव ते केस.

आणि आपण लिहिणारे? आमच्या कथा-कादंबऱ्यांत नायिका लांबसडक केसांची. वेडी, अंगात आलेली, भांडखोर शेजारीण किंवा उद्ध्वस्त झालेली बाई आली की केस ‘पिंजारलेले’. वाचकाला आणखी काही सांगावे लागत नाही, केस सांगतात. मी यात निर्दोष नाही. एका अनुवादात मूळ लेखिकेने एका कामसू, हसऱ्या बाईचे केस दाट, कुरळे, डोक्याभोवती उभे राहणारे असे रंगवले होते. मी एका शब्दात ‘विस्कटलेले’ लिहून पुढे गेले. मूळ पानावर त्या बाईचे काहीही विस्कटलेले नव्हते. छापून आल्यावर एकाही वाचकाने, संपादकाने तक्रार केली नाही, कारण त्यांच्याही कानाला ते बरोबरच वाटले असणार. एका बाईच्या केसांचा गुणधर्म मी तिचा निष्काळजीपणा करून टाकला होता. हे काम करायला मला २३० अंश लागले नाहीत.

भारतीय भाषांतून इकडेतिकडे अनुवाद करणाऱ्या, हे पान वाचणाऱ्या मित्रमैत्रिणींना म्हणून विचारते. तुमच्या भाषेत कुरळ्या केसांसाठी असा शब्द आहे का, ज्यात दोष नाही आणि गोंजारणेही नाही? मराठीत ‘कुरळे’ आहे, आणि तो पुरेसा आहे. अडचण पुढची आहे. केस जरा फुलले, दमट हवेत उभे राहिले, की आमच्याकडचे शब्द एकदम संपतात आणि भुरभुरलेले, विस्कटलेले, पिंजारलेले एवढेच हाताशी उरतात. सगळे बिघाडाचे शब्द. न बिघडलेल्या केसांना ते लावताना आपला हात थबकत नाही, आणि सूचनांच्या कागदावर ‘व्यवस्थित’ लिहिणाऱ्याचाही थबकत नाही.

भाची त्या दिवशी सरळ केस घेऊनच गेली. डोक्याच्या मागच्या बाजूला हात नीट पोचत नाही. तिथल्या बटा मी करून दिल्या.