तात्पुरतं म्हणजे कसंही नव्हे!

मंडळी, कॉम्प्युटर बंद पडला की आपल्याकडे ठरलेला उपाय असतो. तो दुरुस्तीला टाकायचा आणि तोवर माळ्यावरचा जुना डबा खाली काढून, कुणाची तरी रॅम लावून काम भागवायचं. उपाय छानच. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले, तेव्हा जुन्या पट्टीचा मोह कुणालाही होईल.

पण "तात्पुरतं तर आहे, चालतंय की" हे मला पटत नाही. तात्पुरतं मशीन आपण जोडतो तेच मुळी हातात वेळ नसतो म्हणून. पुतणीच्या प्रवेशअर्जाची मुदत उद्यावर आलेली आणि रॅम बसेना, तर वाशिमहून अकोल्याला पुन्हा चक्कर कोण मारणार?

डीडीआर-२ आणि डीडीआर-३, दोन्हींना २४० पिना, पण खाच वेगळ्या जागी. डीडीआर-४ आणि ५ ला २८८, तिथेही तेच. बरं, बसली म्हणजे चालेलच असंही नाही. सर्व्हरमधून निघालेली डीडीआर-३ ची रजिस्टर्ड रॅम घरच्या बोर्डात व्यवस्थित बसते, पण मशीन सुरूच होत नाही.

म्हणून आधी मदरबोर्डवरचा मॉडेल नंबर वाचावा, कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या रॅमची यादी बघावी, मगच पट्टीचं लेबल. पीसी३ म्हणजे डीडीआर-३, पीसी४ म्हणजे डीडीआर-४. लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट चालवावा, कारण खराब रॅम गुपचूप फायली बिघडवते.

दहा मिनिटांचं काम आहे हो. घाईत असलेल्या माणसानेच ते आधी करावं, असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?