हात ‘नुसता’ दुखत नाही

मैत्रिणींनो, मूल कडेवर घेऊन तासभर रांगेत उभं राहिलं की हात भरून येतो. घरी सांगावं तर उत्तर तयार : “नुसती उभी तर होतीस!” आता या ‘नुसती’चा हिशेब जरा स्नायूच्या आत जाऊन पाहू.

दोन फण्या घ्या आणि दातांत दात घालून एकमेकींत सरकवा. दात तेवढेच राहतात, पण दोन्ही फण्यांची मिळून लांबी कमी होते. स्नायू आखडतो तो असाच. त्याच्या तंतूत मायोसिनचे जाड आणि ॲक्टिनचे बारीक धागे असतात. धागे स्वतः आखूड होत नाहीत. बारीक धागे दोन्ही बाजूंनी जाड धाग्यांमध्ये सरकतात. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटे, धाग्यांच्याच घड्या पडत असतील. १९५४ साली दोन निरनिराळ्या जोड्यांनी हे सरकणं मांडलं. एका जोडीत ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन होते. जीन हॅन्सन बाई होत्या, हे मुद्दाम सांगते!

सरकवतं कोण? मायोसिनला इवलीइवली डोकी असतात. मेंदूचा निरोप आला की तंतूत कॅल्शियम सुटतं, आणि ही डोकी ॲक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. विहिरीचा दोर आपण हातावर हात टाकत ओढतो ना, अगदी तसं. गंमत म्हणजे पकड सोडायलासुद्धा शक्ती लागते. ती एटीपी नावाच्या द्रव्यातून मिळते. मृत्यूनंतर एटीपी संपतं, पकड सुटत नाही, म्हणून तर प्रेत ताठतं.

मूल कडेवर असतं तेव्हा हात हलत नाही, पण आत ही धरसोड अखंड चालूच असते आणि एटीपी खर्च होत असतं. शिवाय आवळलेल्या स्नायूत रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पुरेसं पोचत नाही. म्हणून नुसतं धरून ठेवणं कधीकधी उचल-ठेव करण्यापेक्षा जड जातं. पटत नसेल त्यांच्या हाती पाण्याने भरलेला तांब्या द्या आणि हात समोर ताठ धरून पाच मिनिटं उभं राहायला सांगा. (हसायचं मात्र नाही हं!)

तेव्हा हात भरून येईपर्यंत थांबू नका. मधूनमधून कड बदला, मोकळा झालेला हात चार वेळा वाकवा, सरळ करा. आणि बाजाराची पिशवी बोलता बोलता हातातच धरून ठेवायची सवय असेल, तर ती आधी खाली ठेवा, मग बोला.