ड्रोनचे बदलते नियम : फवारणीला ड्रोन बोलावण्यापूर्वी काय विचाराल?

ड्रोन फवारणी ठरवताना आपण बहुधा दोनच गोष्टी विचारतो. एकरी दर किती आणि कधी येणार? मजूर मिळत नाही, ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवरचा पंप चालत नाही, तुरीत शिरायला वाट राहत नाही. त्यामुळे घाई समजण्यासारखी आहे. पण २०२१ पासून ड्रोनचे नियम इतक्या वेळा बदलले आहेत की काही वेळा ड्रोन चालवणाऱ्यालाही आज नक्की काय लागू आहे ते सांगता येत नाही. नुकसान झाले तर मात्र भांडण शेताच्या बांधावर होते, दिल्लीत नाही.

आधी बदलांची दिशा पाहू. मार्च २०२१ मध्ये आलेले नियम फार जाचक होते. पाच महिन्यांतच, ऑगस्ट २०२१ मध्ये, ते रद्द करून ‘ड्रोन नियम २०२१’ लागू झाले. अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आले, शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर. फेब्रुवारी २०२२ मध्ये पायलटचा ‘परवाना’ गेला आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेने द्यायचे ‘प्रमाणपत्र’ आले. त्यासाठी पासपोर्टची अट होती. खेड्यातल्या किती मुलांकडे पासपोर्ट असतो? सप्टेंबर २०२३ मध्ये ती अट निघाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ड्रोनच्या नोंदणीसाठीही पासपोर्टची गरज राहिली नाही. आज दहावी पास, १८ ते ६५ वयाची व्यक्ती प्रशिक्षण घेऊन पायलट होऊ शकते. प्रमाणपत्र १० वर्षे चालते. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रोनवरचा जीएसटीही सरसकट ५ टक्के झाला.

म्हणजे कागद कमी झाले. जे उरले ते मात्र सक्तीचे आहेत.

उंची नव्हे, जागा महत्त्वाची

हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. फवारणीचा ड्रोन पिकाच्या दोन-तीन मीटर वरून जातो, तेव्हा उंचीची मर्यादा ही आपली अडचण नाहीच. अडचण असते ती विमानतळाजवळच्या गावांची. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. त्याहून जवळ आलात की ड्रोन कितीही खालून उडवा, आधी परवानगी हवी. ओझर परिसरातले द्राक्ष बागायतदार किंवा शिर्डी विमानतळालगतचे शेतकरी यांनी ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर आपले शिवार कोणत्या रंगात येते ते एकदा पाहून घ्यावे. नकाशा बदलत असतो, म्हणून गेल्या हंगामात पाहिला होता एवढे पुरेसे नाही. त्याशिवाय पोलिस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल क्षेत्र जाहीर करू शकतो. मोठ्या नेत्याचा दौरा किंवा तणावाची परिस्थिती असेल, तर फवारणीच्या आदल्या दिवशी पोलिस ठाण्यात चौकशी केलेली बरी.

वजनाचा मुद्दा कुणी सांगत नाही

ड्रोनचा वर्ग त्याच्या भरलेल्या वजनावर ठरतो. यंत्र, बॅटरी आणि टाकीतले द्रावण मिळून २ ते २५ किलो असेल तर तो ‘लहान’, २५ ते १५० किलो असेल तर ‘मध्यम’. आपल्याकडे १० लिटर टाकीचे ड्रोन जास्त दिसतात, कारण त्यांचे भरलेले वजन २५ किलोच्या आत बसवता येते. टाकी मोठी झाली की वर्ग बदलू शकतो, आणि लहान वर्गाचे प्रमाणपत्र असलेल्या पायलटने मध्यम ड्रोन उडवणे नियमात बसत नाही. ‘मोठी टाकी, लवकर काम’ असे सांणारा आला, तर प्रमाणपत्रावरचा वर्ग वाचा.

स्वस्तात मिळणाऱ्या परदेशी ड्रोनबाबतही सावध राहा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. मॉडेलला प्रकार प्रमाणपत्र नसेल तर ओळख क्रमांक मिळत नाही. ओळख क्रमांकच नसेल, तर विमा कंपनी भरपाई कशाच्या आधारावर देणार?

औषधाचा कायदा वेगळा

ड्रोन नियम पूर्ण पाळले म्हणजे फवारणी कायदेशीर झाली, असा समज दिसतो. तो चुकीचा आहे. टाकीतल्या औषधाला कीटकनाशक कायदा, १९६८ लागू आहे. केंद्रीय कीटकनाशक मंडळाने एप्रिल २०२२ मध्ये ४७७ नोंदणीकृत कीडनाशकांना ड्रोनने वापरण्यास दोन वर्षांची अंतरिम मान्यता दिली होती. त्या जुन्या यादीवर आज विसंबू नका. हाती असलेल्या डब्याच्या लेबलवर पीक व मात्रा पाहा आणि ड्रोनने वापरण्याची सध्याची मान्यता तालुका कृषी कार्यालयातून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून खात्री करून घ्या. हवाई फवारणीची सूचना किमान २४ तास आधी लोकांना देणे हाही नियमच आहे.

यामागे कारण आहे. पंपाने एकरी १५०-२०० लिटर पाणी लागते, ड्रोनने साधारण १० लिटर. थेंब बारीक आणि औषध तीव्र. वाऱ्याने हे थेंब शेजारच्या तुतीवर गेले तर रेशीम अळ्या मरतात, फुलोऱ्यात मधमाश्या मरतात. तणनाशकाबाबत माझे स्पष्ट मत आहे : शेजारी कापूस किंवा द्राक्ष असेल, तर २,४-डी ड्रोनने मारण्याचा आग्रह धरू नका.

पुढे काय येऊ घातले आहे?

१६ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्राने नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. सध्या नियमभंगाला कमाल १ लाख रुपये दंड आहे. मसुद्यात तुरुंगवास आहे आणि पोलिसांना ड्रोन जप्त करण्याचा अधिकारही. अपघातात मृत्यू झाल्यास अडीच लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास १ लाख रुपये भरपाई, तीही चूक कुणाची हे न पाहता, असा प्रस्ताव आहे. उद्योगाने शिक्षेच्या तरतुदींवर टीका केली आहे, आणि कागदाच्या चुकीसाठी ड्रोन दीदीला गुन्हेगार ठरवणे मलाही पटत नाही. विम्याची सक्ती मात्र योग्य आहे. ती आजच्या नियमांतही आहे. फक्त २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन त्यातून वगळले आहेत.

तेव्हा ड्रोन शेतात आल्यावर पायलटचे प्रमाणपत्र, ड्रोनवरचा ओळख क्रमांक आणि विम्याची मुदत पाहा, तिन्हींचे मोबाईलवर फोटो काढा. पावतीवर तारीख, गट क्रमांक, औषधाचे नाव आणि मात्रा लिहून घ्या. अवजार बँका चालवणाऱ्या शेतकरी कंपन्यांनी ही पावती छापूनच ठेवावी. शेजाऱ्याची तक्रार आली तर तिची प्रत लगेच काढता येईल.