‘किरकोळ’ सदरात काय काय घालणार?



संवत्सरीला हात जोडलेल्या चित्राखाली “जाणते-अजाणतेपणी मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्” लिहून एका झटक्यात शंभर जणींना पाठवायची जी पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. ही क्षमापना नव्हे. मी बी. कॉम. झालेली बाई. ज्या वहीत सगळाच खर्च ‘किरकोळ’ सदरात टाकलेला असतो, त्या वहीवर माझा विश्वास बसत नाही.

‘दुक्कडं’ म्हणजे दुष्कृत. पण कोणतं? नावांची तर आपल्याकडे मुळीच कमतरता नाही. अठरा पापस्थानकांत बारावं कलह, तेरावं अभ्याख्यान, चौदावं पैशुन्य, आणि परपरिवाद आणखी वेगळा. कलह म्हणजे तोंडावरचं भांडण. अभ्याख्यान म्हणजे नसलेला दोष चिकटवणं. पैशुन्य म्हणजे चहाडी, परपरिवाद म्हणजे निंदा. प्रतिक्रमणात ही नावं आपण एका दमात म्हणतो आणि घरी आल्यावर चौघांना मिळून एकच नाव देतो: “सहज बोलले.”

हे ‘सहज’ कुठवर जातं बघा. जळगावच्या मुलीचा बायोडाटा धुळ्याला जातो. तिकडची मंडळी इथल्या ओळखीच्या बाईंना फोन लावतात. बाई म्हणतात, “मुलगी चांगलीच आहे हो... बाकी तुम्ही बघून घ्या.” झालं! त्या ‘बाकी’त काय आहे हे कोणी विचारत नाही. स्थळ परत फिरतं, मुलीच्या आईला कारण कधीच कळत नाही, आणि बाई मात्र म्हणायला मोकळ्या की मी तर चांगलंच सांगितलं.

श्रावकाच्या दुसऱ्या व्रताचे पाच अतिचार आठवा. खोटा दस्तऐवज करणं, म्हणजे कूटलेख, त्यात शेवटी येतं. पहिलं आहे सहसाभ्याख्यान, विचार न करता कोणावर आळ घेणं. दुकानातल्या मुनीमजींनी खोटी पावती केली तर आपण त्यांना त्याच दिवशी घरी बसवू. त्या ‘बाकी’ला मात्र आपण माणसं ओळखण्याचा अनुभव म्हणतो. बटाटा उंबऱ्याच्या आत येऊ न देणाऱ्या, खान्देशात राहून चार महिने वांग्याचं भरीत सोडणाऱ्या (हा काही लहान त्याग नाही!) बायकांनी जिभेला एवढी सूट का द्यावी?

आणि अबोला? त्याला तर आपण स्वाभिमान म्हणतो. शास्त्रात कषायाला मुदत दिली आहे. संज्वलन पंधरा दिवस, पाण्यावरची रेघ. प्रत्याख्यानावरण चार महिने, वाळूवरची रेघ. अप्रत्याख्यानावरण वर्षभर, जमिनीची भेग. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसात मिटते, तशी. वर्ष उलटूनही मिटली नाही तर ती डोंगराची भेग, अनंतानुबंधी, आणि तिथे सम्यक्त्व टिकत नाही. स्थानकात दोन टोकांना बसून एकमेकींना चित्र पाठवणाऱ्या जावांची संवत्सरी कशी झाली म्हणायची?

काही जणी म्हणतात, नाव घेऊन माफी मागितली तर जुनं उकरलं जातं. जिच्याबद्दल बोललो तिला ठाऊकही नसतं. ठीक आहे, तिला नका सांगू. ज्यांच्याजवळ बोललात त्यांना सांगा. धुळ्याला फोन लावा आणि स्पष्ट म्हणा, “त्या दिवशी मी ‘बाकी’ म्हटलं, त्यात काहीही नव्हतं. मुलीत खोट नाही.” स्थळ पुन्हा जुळेलच असं नाही. पुढच्या चौकशीत तो ‘बाकी’ तरी कोणी काढणार नाही.