दर सांगण्याआधी जागा विचारा

जुलै २०२४ चा पहिला आठवडा आपल्या धंद्यातला कोणी विसरणार नाही. ३ तारखेला जिओ आणि एअरटेलचे, ४ तारखेला व्हीआयचे नवे दर लागू झाले. जिओचा २८ दिवसांचा १५५ रुपयांचा प्लॅन १८९ वर गेला, एअरटेल आणि व्हीआयचा १७९ चा १९९ वर. काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता : ‘सगळ्यात स्वस्त कुणाचं?’ बीएसएनएलने दर वाढवले नव्हते, त्यामुळे उत्तर सोपे होते आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तेच दिले. त्या एका महिन्यात देशभरात बीएसएनएलचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले. त्यांचे ४जी जाळे तेव्हा पुरते उभे राहिले नव्हते. अनेकांच्या हातात ४जी फोन आणि पडद्यावर २जीची खूण, अशी अवस्था झाली. नोव्हेंबरात बीएसएनएलची ग्राहकसंख्या पुन्हा घटू लागली. ज्यांना आपण हौसेने पोर्ट करून दिले, तेच आपल्याकडे परत आले. ९० दिवसांची अट असल्याने त्यांना तोवर थांबावेही लागले होते.

यात बीएसएनएलचा दोष काढण्याचा हेतू नाही. स्वदेशी तंत्रज्ञानावरचे त्यांचे ४जी जाळे सप्टेंबर २०२५ मध्ये रीतसर सुरू झाले आहे आणि काही वस्त्यांत ते आज चांगले चालते. प्रश्न आपल्या सल्ल्याचा आहे. ग्राहकाने दर विचारला आणि आपण दरच सांगितला. तो फोन कुठे बसून लावणार आहे, हे किती जणांनी विचारले?

आधी हिशेब पाहू. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज. १८९ रुपयांनी २,४५७ होतात, १९९ रुपयांनी २,५८७. वर्षाचा फरक १३० रुपये. नुसत्या बोलण्यापुरते प्लॅन ट्रायने सक्तीचे केल्यावर २०२५ च्या जानेवारीत जिओने ८४ दिवसांचा ४४८ चा आणि एअरटेलने ४६९ चा प्लॅन आणला. दोन्हींतला फरक दिवसाला २५ पैसे. चाकणला कंत्राटावर काम करणाऱ्या मुलाला ठेकेदाराचा एक फोन लागला नाही आणि एक पाळी हुकली, तर वर्षभराची ही सगळी बचत एका दिवसात बुडते.

आता सिग्नलमधला फरक पाहा. उणे ८५ डीबीएम म्हणजे चांगला सिग्नल, उणे ११५ म्हणजे कॉल तुटण्याच्या काठावर. दोहोंत ३० डेसिबलचे अंतर आहे, म्हणजे शक्तीत हजार पटींचे. हा फरक दोन गावांतला असतो असे नाही. एकाच घरात, दारापासून मोरीपर्यंत जाताना तो पडू शकतो. दरातला फरक पैशांत आणि सिग्नलमधला हजार पटींत, तरी आपला सल्ला मात्र दरावरच. हे उलटे व्हायला हवे.

दिघीत मॅगझिन चौकातून परांडेनगरकडे आत गेल्यावर आपल्याच व्यवसायातले एक छोटे दुकान आहे. तिथे काउंटरखाली दोन जुने ड्युअल सिम फोन चार्ज करून ठेवलेले असतात आणि त्यांत चार कंपन्यांची चार सिम. एका संध्याकाळी एक बाई आल्या. “दादा, स्वस्तातलं कुणाचं आहे ते बघा आन् पोर्ट करून द्या. ह्या कंपनीचा फोन लागतच नाही.”

“काकू, घरात नेमका कुठं लागत नाही?”

“सैपाकघरात. पोरगा चाकणला सेकंड शिफ्टला असतो. जेवायच्या सुट्टीत फोन करतो, तर लागत नाही म्हणतो. मग मी आठ वाजले की दारात येऊन बसते.”

दुकानदाराने सोबतच्या पोराला दोन्ही फोन देऊन त्यांच्याबरोबर धाडले. पोरगा परतला तेव्हा जुन्या बिलाच्या पाठीवर आकडे होते. सध्याच्या कंपनीचा सिग्नल दारात उणे ८८, बैठकीत उणे ९९, ओट्याजवळ उणे ११६. दुसऱ्या एका कंपनीचा ओट्याजवळ उणे १०४. खाली एक ओळ होती : ‘घरात फायबरचा राउटर आहे.’ दुकानदाराने ती ओळ वाचली आणि पोर्टचा विषयच सोडून दिला. बाईंच्या फोनमधले वाय-फाय कॉलिंग बंद होते, ते सुरू केले आणि वीज गेली तर राउटर चालू राहावा म्हणून त्याला लावायचा छोटा यूपीएस दाखवला. नंबर तोच राहिला, कंपनी तीच राहिली, महिन्याचा खर्च वाढला नाही. एअरटेलने वाय-फाय कॉलिंगची सोय डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली. व्हीआयने २०२० च्या अखेरीस ती आणली. इतकी वर्षे झाली, तरी ग्राहकांच्या फोनमधली ती कळ आजही बंदच सापडते, कारण त्यांना ती कोणी दाखवलेली नसते.

दिघीचे उदाहरण मुद्दाम घेतले. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला लष्कराची जमीन, मध्ये मॅगझिन डेपोचा रेड झोन. १९९७ मध्ये गाव महापालिकेत आले आणि पुढे गुंठ्या-दोन गुंठ्यांवर तीन-चार मजली घरे एकमेकांना खेटून उभी राहिली. लष्करी कुंपणालगत टॉवर कुठे बसवायचा, हे एकट्या कंपनीच्या हातात नसते. गच्चीवर पूर्ण दांड्या दिसतात आणि तळमजल्याच्या मागच्या खोलीत ‘नो सर्व्हिस’. याच गावात आळंदी रस्त्यावर विदेश संचार निगमचे, म्हणजे आताच्या टाटा कम्युनिकेशन्सचे आवार आहे. १९२७ मध्ये लंडनशी बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा तिचे प्रक्षेपण जवळच्याच खडकीहून होई आणि ग्रहण दौंडला. सातासमुद्रापलीकडचे संदेश जिथून ये-जा करत, त्या पट्ट्यात आईला लेकाचा फोन घ्यायला दारात बसावे लागते, ही गोष्ट मनाला लागते.

दिघी-भोसरीत राहणारा माणूस बहुधा दुसरीकडे कामाला असतो. म्हणून ग्राहकाला तीन जागा विचारा : घर, काम आणि वाट. घरात कोणत्या मजल्यावर, कोणत्या खोलीत? काम भोसरी एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये की चाकणच्या मोठ्या कारखान्यात? पत्रा रेडिओलहरी अडवतो. शेडमध्ये सिग्नल येतो तो शटरमधून, खिडकीतून किंवा छतातल्या फायबरच्या पारदर्शक पन्हळीतून. मशीन शटरजवळ असलेल्याचा अनुभव वेगळा आणि मागच्या भिंतीपाशी असलेल्याचा वेगळा. तिसरी गोष्ट वाट. कंपनीची बस मोशीवरून जाते, की हा माणूस आळंदीमार्गे दुचाकीवर जातो? ज्याला बसमध्ये व्हिडिओ पाहायचे आहेत त्याची गरज एक, आणि ज्याला बस चुकल्यावर सुपरवायझरला फोन लावायचा आहे त्याची दुसरी.

या जागा कळल्या की लहरींचे साधे शास्त्र कामी येते. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या शिरतात. २३०० आणि ३३०० च्या पट्ट्यांत डेटा भरपूर मावतो, पण त्यांचा पल्ला कमी आणि भिंतीपुढे दम तोकडा. मोकळ्या जागेतसुद्धा ९०० ऐवजी १८०० वर गेले की त्याच अंतरावर हाती येणारी शक्ती चौथाई होते. म्हणून ‘५जी अनलिमिटेड’ची पाटी वाचून आलेल्या ग्राहकाला विचारा, की ५जी तुमच्या खोलीत पोचते का? काठावरच्या जागी फोन ४जी आणि ५जीमध्ये सारखा हेलकावे खातो, बॅटरी उतरते आणि कॉल लागायला वेळ लागतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर अशा वेळी नेटवर्क ४जीवर ठेवून देणे हाच खरा उपाय असतो. त्याला पैसे पडत नाहीत.

दांड्यांवर विश्वास ठेवू नका. किती डीबीएमला किती दांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक फोन कंपनी आपल्यापुरते ठरवते. अँड्रॉइडमध्ये ‘अबाउट फोन’खाली सिम स्टेटसमध्ये आकडा दिसतो, काही कंपन्या तो लपवतात, तेव्हा एखादे ॲप टाका. आणि आकडा चांगला असून नेट रांगत असेल, तर टॉवरवर गर्दी आहे असे समजा. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत मोजा. सकाळी अकराला, लोक कामावर गेल्यावर मोजून उपयोग नाही.

दुरुस्तीवाल्या मंडळींना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. डिस्प्ले किंवा मागचे पॅनल बदलल्यावर ‘नेटवर्क कमी झालं’ म्हणून फोन परत येतो, तेव्हा कंपनीकडे बोट दाखवू नका. सब-बोर्डाची कोएक्सियल केबल पूर्ण बसलेली नसते, अँटेनाची पितळी पिन दबलेली असते, नाहीतर पाठीमागे लोहचुंबकवाले धातूचे कव्हर चढवलेले असते. तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये, त्याच जागी घालून पाहा. दोन मिनिटांत खरे-खोटे कळते. फोनला ती लहर पकडता येते का, हेही तपासा. बीएसएनएलचे ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. जुन्या, स्वस्त फोनात ७०० चा बँड नसला, तर बाकी सगळे ठीक असूनही घरात सिग्नल कमी पोचू शकतो.

सिग्नल बूस्टरबद्दल आमची भूमिका ठाम आहे : विकू नका, लावू नका. परवान्याशिवाय हे यंत्र विकणे, बाळगणे आणि वापरणे बेकायदा आहे. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली, तरी ते एका खोलीचा सिग्नल वाढवताना टॉवरकडे गोंगाट पाठवते आणि आसपासच्या पन्नास घरांचे कॉल बिघडवते. दिघीसारख्या, लष्करी आस्थापनांना लागून असलेल्या गावात तर हा खेळ अजिबात नको. ऑनलाइन मिळते म्हणून ते वैध होत नाही.

आता पोटापाण्याचे बोलू. रिचार्ज ग्राहक घरबसल्या यूपीआयवरून करतो. आपल्याकडे येतो तो अडचण घेऊन. डिस्ट्रिब्युटर महिन्याचे पोर्टिंगचे टार्गेट देतो, त्यावर स्कीम लावतो, आणि त्या दबावाखाली आपण चांगला चालणारा नंबर दुसरीकडे ढकलतो. या सवयीने आपला धंदा आतून पोखरला जातो आहे. एका पोर्टचे कमिशन एकदाच मिळते. ज्याचा फोन आपल्यामुळे घरात लागायला लागला, तो माणूस पुढचा हँडसेट, चार्जर आणि मुलीचे पहिले सिम आपल्याकडूनच नेतो. ॲप दर सांगू शकते, पण परांडेनगरच्या कोणत्या गल्लीत कोणत्या कंपनीचा सिग्नल तळमजल्यावर टिकतो, हे त्याला सांगता येत नाही. ते ज्ञान आपले आहे आणि ते आपण कधी लिहून ठेवले नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या सेवा-गुणवत्तेच्या नव्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या जाळ्याचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात आणि एप्रिल २०२५ पासून गुणवत्तेची तपासणी तिमाहीऐवजी दर महिन्याला होते. हे चांगले पाऊल आहे. ते नकाशे जरूर पाहा. पण नकाशात रंगवलेला भाग आणि ग्राहकाच्या मागच्या खोलीतला ओटा यांच्यामध्ये तीन भिंती असतात, हे विसरू नका. खात्री करायची असेल, तर पोर्टची घाई न करता नवे प्रीपेड सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये एक महिना चालवून पाहायला सांगा. एकदा पोर्ट झाले की ९० दिवस हात बांधले जातात, पण दुसरे सिम कधीही बंद करता येते. आधी त्या व्यक्तीच्या नावावर किती सिम आहेत ते मात्र पाहा. मर्यादा नऊची आहे. आणि ज्या गल्लीत कोणाचेच नीट चालत नाही, तिथल्या ग्राहकांकडून कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून घ्या, तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि दाद लागली नाही तर अपील करायला लावा. एकाच गल्लीतल्या वीस घरांचे वीस तक्रार क्रमांक एकत्र समोर ठेवले, की त्यांकडे डोळेझाक करणे कठीण जाते.

पुढच्या अंकापासून दिघी, भोसरी, मोशी, चऱ्होली आणि चाकण पट्ट्यातल्या सिग्नलच्या नोंदींसाठी आम्ही एक पान राखून ठेवत आहोत. गल्ली, मजला, खोली, वेळ, कंपनी आणि डीबीएम, एवढेच एका ओळीत लिहून महिन्याच्या २० तारखेपर्यंत पाठवा. ग्राहकाचे नाव आणि नंबर पाठवू नका. मोजलेला आकडाच पाठवा, ऐकीव माहिती नको.