क्रोशाचा भाव करण्याआधी एक रविवार सुई हातात घ्या

स्वेटर यंत्रावर विणला जातो, मग क्रोशा का नाही? क्रोशात एक टाका पूर्ण झाल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही आणि तो विणलेल्या भागात नेमका कुठे घालायचा, हे हातच ठरवतो. म्हणून कारखान्यांना तो अजून जमलेला नाही. खरा क्रोशा कुणीतरी बसून विणलेलाच असतो. आंध्रातल्या नरसापूरच्या बायकांच्या या कामाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी प्रदर्शनात आपला पहिला प्रश्न, ‘कमी किती करणार?’

या रविवारी बाल्कनीतल्या मनी प्लांटसाठी टांगती जाळी विणून बघा. दोरा नायलॉनचा घ्या, सुती ओलाव्याने कुजतो. कुंडी टांगून होईपर्यंत तो प्रश्न विचारायची हिंमत उरणार नाही.