तोडलेल्या झाडाची तहान

चंदीगडहून काल्क्याकडे निघाले की वाटेत पिंजौर लागते. तेथील सतराव्या शतकातील बाग आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. फिदाई खानाने रचलेल्या त्या बागेत पाणी सात टप्प्यांनी वरून खाली उतरत जाते. झाडाच्या अंगात मात्र नेमके याच्या उलट घडते. तेथे पाणी खालून वर चढते. नाताळसाठी घरी झाड आणणाऱ्या गृहिणीने एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर तिचे निम्मे काम झाले असे समजावे.

काही वर्षांपूर्वी नाताळात आम्ही पिंजौरला एका स्नेह्यांच्या घरी उतरलो होतो. स्नेही मूळचे वसईचे. तिकडे लहानपणी त्यांनी सुरूची फांदी सजविलेली पाहिली होती. येथे मात्र एका परिचितांच्या मळ्यातून, रीतसर परवानगीने काढलेले चिडाचे कोवळे झाड मिळाले. ते रात्रभर व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवले गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुंडीतील कोरड्या मातीत रोवले गेले. चौथ्या दिवशी लांब सुयांसारखी पाने गळू लागली. मुलांना त्याची गंमत वाटली. पण त्याच संध्याकाळी शेगडीतील एक ठिणगी त्या पानांवर उडाली आणि पाहता पाहता जाळ उठला. सुदैवाने पाण्याची बादली हाताशी होती. शिवालिकच्या टेकड्यांवर उन्हाळ्यात चिडाची वाळलेली पाने वणवा कसा पसरवितात, हे तेथील प्रत्येकाला ठाऊक आहे. तोच धोका आम्ही आपल्या हातांनी बैठकीच्या खोलीत आणून ठेवला होता.

चूक कोठे झाली? पानांतून सतत बाष्प बाहेर पडत असते आणि त्या ओढीने लाकडातील सूक्ष्म नलिकांतले पाणी वर खेचले जाते. बुंधा कापला तरी ही ओढ थांबत नाही. मात्र आता मुळे नसल्यामुळे पाणी घेण्यासाठी झाडाजवळ कापलेले तोंड तेवढे उरते. ते सहा-आठ तास कोरडे राहिले की नलिकांत हवा शिरते, राळ साकळते आणि पाण्याची वाट अडते. आमच्या झाडाचे पहिल्या रात्रीच तसे झाले होते.

म्हणून झाड घरी येताच बुंध्याच्या टोकाची सुमारे अडीच सेंटिमीटरची चकती करवतीने सरळ कापून काढावी. तिरका काप दिल्याने झाड अधिक पाणी पीत नाही. उलट ते नीट उभे राहत नाही. भांडे अरुंद आहे म्हणून बुंधा तासून बारीक करू नये, कारण सालीलगतच्या लाकडातूनच अधिक पाणी वाहते. भांडेच मोठे घ्यावे. साधी बादली उत्तम. तीत गोटे रचून बुंधा घट्ट बसवावा. माती भरू नये, कारण मग पाण्याची पातळी दिसत नाही.

बुंध्याच्या जाडीच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण एक लिटर पाणी मावेल एवढे भांडे असावे. मोठे झाड पहिल्या दिवशी चार लिटरपर्यंतही पाणी पिते. तेव्हा सकाळ-संध्याकाळ पातळी पाहावी आणि कापलेले तोंड कधीही उघडे पडू देऊ नये. पाण्यात साखर वा अ‍ॅस्पिरिन घालण्याचा सल्ला कोणी देईल, पण त्याची गरज नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाचे गॅरी चॅस्टॅग्नर यांनी या झाडांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यांचाही सल्ला नळाच्या साध्या पाण्याचाच आहे.

उत्तरेकडील थंडीत शेगडी वा हीटर लागतोच. झाड त्यापासून दूर, खोलीच्या थंड कोपऱ्यात ठेवावे. मेणबत्त्या झाडावर लावूच नयेत. विजेची माळ एलईडीची असावी आणि निजण्यापूर्वी ती बंद करावी. रोज एखादी डहाळी बोटांत धरून हलकेच ओढून पाहावी. पाने सहज हातात येऊ लागली, तर सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणाची वाट न पाहता झाड घराबाहेर काढावे. त्याची लाकडे घरातील शेगडीत घालू नयेत. राळेमुळे ठिणग्या उडतात आणि काजळी धरते.

झाड कोठून आले, हेही विक्रेत्याला अवश्य विचारावे. शिवालिकच्या अनेक भागांत १९०० सालच्या पंजाब भूमी संरक्षण कायद्यान्वये वृक्षतोडीवर निर्बंध आहेत, आणि ते योग्यच आहेत. या टेकड्यांची माती सैल आहे. पावसात तिला झाडांची मुळेच धरून ठेवतात. ज्यांना रीतसर झाड मिळत नसेल, त्यांनी कुंडीतील अरौकेरिया सजवावा. तो पुढील वर्षीही उपयोगी पडेल.

वाचकहो, झाड तोडून आणले म्हणजे ते लगेच निर्जीव झाले असे नाही. आपल्या घरात ते आणखी काही आठवडे पाणी मागत असते. सणाच्या धामधुमीत पाहुण्यांची विचारपूस करताना या मुक्या पाहुण्याच्या बादलीकडेही एकदा पाहावे.